विशेष शिक्षण : राज्य नियोजन व उत्तरदायित्व

विकलांग मुलामुलींच्या शिक्षणाची सोय करणे, त्यासाठी शिक्षक व निधी पुरविणे आणि त्या शिक्षणातून मूल प्रत्यक्षात काय शिकले याचा हिशेब देणे, या तिन्ही जबाबदाऱ्यांची शासकीय पातळीवरील मांडणी. यांपैकी पहिल्या दोहोंविषयी भारतात अनेक कायदे व योजना झाल्या. तिसरी बाब मात्र कच्चीच राहिली. महाराष्ट्रातील बीड जिल्ह्यात हे विशेषत्वाने जाणवते.

केंद्र शासनाने १९७४ मध्ये विकलांग बालकांच्या एकात्मिक शिक्षणाची योजना सुरू केली. १९९५ च्या अधिनियमाने अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाची तरतूद केली. तर २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने विकलांगतेचे २१ प्रकार मान्य केले. या अधिनियमाच्या सोळाव्या कलमानुसार शासनाच्या अनुदानावर वा मान्यतेवर चालणाऱ्या शाळांनी प्रत्येक विकलांग विद्यार्थ्याचा सहभाग, संपादणूक व शिक्षणपूर्ती यांवर देखरेख ठेवावयाची असते. सतराव्या कलमात शालेय मुलांचे दर पाच वर्षांनी सर्वेक्षण सांगितले आहे. उत्तरदायित्वाचा पाया या दोन कलमांत आहे. तथापि व्यवहारात मोजदाद होते ती पटसंख्येची, उतरत्या फरशीची, साहित्यवाटपाची आणि खर्ची पडलेल्या निधीची. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतही दीर्घकाळ अशीच स्थिती होती. तेथे १९७५ च्या कायद्यानंतर प्रामुख्याने कार्यपद्धतीचे पालन तपासले जाई; २०१४ पासून वाचन-गणितातील प्रगती व शालान्त उत्तीर्णता यांनाही राज्यांच्या मूल्यमापनात स्थान मिळाले.

महाराष्ट्रात विशेष शाळा पूर्वी सामाजिक न्याय विभागाकडे होत्या. डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन झाला. सर्वसाधारण शाळांतील समावेशित शिक्षण मात्र शालेय शिक्षण विभागाकडे असून समग्र शिक्षा योजनेची अंमलबजावणी महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषद करते. त्यामुळे विशेष शाळेतून गावच्या शाळेत आलेल्या मुलाची नोंद एका विभागातून दुसऱ्यात जाते, आणि त्याच्या प्रगतीचा सलग आलेख कोणी ठेवावा हा प्रश्न उरतो. विकलांगतेच्या प्रमाणपत्रावर टक्केवारी असते. मूल किती वाचू शकते, हे त्यावरून कळत नाही.

बीड जिल्ह्याची (लोकसंख्या २५,८५,०४९ – २०११) खरी अडचण हंगामी स्थलांतराची आहे. पाऊस अनिश्चित व सिंचन तोकडे असल्याने येथील असंख्य कुटुंबे ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. गळीत हंगाम सामान्यतः ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो. शाळांच्या वार्षिक माहितीसाठी प्रमाण मानलेला दिनांक मात्र ३० सप्टेंबर हा राहिला. म्हणजे पट मोजला जातो तेव्हा मूल शाळेत असते आणि लवकरच ते फडावर जाते. हंगामी वसतिगृहांमुळे अनेक मुले गावी राहू शकली. परंतु ज्याला भरविणे, उचलून नेणे वा सतत लक्ष देणे आवश्यक आहे, अशा मुलासाठी ही सोय सहसा पुरेशी ठरत नाही. ते एक तर टोळीबरोबर कोपीवर जाते, नाहीतर थकलेल्या आजीजवळ घरीच राहते. दोन्ही ठिकाणी विशेष शिक्षकाची नियमित भेट होणे दुरापास्तच.

विशेष शिक्षकांची संख्या हाही कळीचा मुद्दा होय. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ च्या निर्णयात प्राथमिक स्तरावर दहा विकलांग विद्यार्थ्यांमागे एक व त्यापुढे पंधरांमागे एक विशेष शिक्षक, असे प्रमाण नमूद केले. राज्यात वर्षानुवर्षे हे काम कंत्राटी शिक्षकांनी अनेक शाळांत फिरून केले. २०२४ मध्ये शासनाने केंद्रशाळांच्या पातळीवर ४,८६० पदे निर्माण करण्याचे ठरविले. केंद्रागणिक एक शिक्षक ही वाटणी सोयीची असली, तरी ती मुलांच्या संख्येशी जुळेलच असे नाही.

स्थलांतरित मुलांना दिल्या जाणाऱ्या शिक्षण हमी कार्डामुळे कारखान्याजवळच्या शाळेत प्रवेश सुकर होतो. विकलांग मुलाच्या बाबतीत त्या कार्डाबरोबर त्याचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडाही जाणे आवश्यक आहे. अन्यथा नव्या शाळेतील गुरुजींना त्याला ब्रेल येते की नाही, येथपासून सुरुवात करावी लागते, आणि तोवर हंगाम संपून बिऱ्हाड परतीच्या वाटेला लागलेले असते.