आई-वडील परदेशी निघाले. विम्याचा कागद वाचला का?

वाशीम, कारंजा, मंगरूळपीर, रिसोड या गावांतून आता साठी-सत्तरीची माणसेही परदेशी जाऊ लागली आहेत. कोणी उमराहला जातात, कोणी दुबई-रियाधला नोकरीस असलेल्या मुलाकडे दोन महिने राहून येतात, तर कोणी नातवाचे तोंड पाहायला थेट अमेरिका गाठतात. अशा वेळी तिकिटाचा भाव आपण चार एजंटांकडे विचारतो आणि सामानाचे वजन दोनदा करतो. विम्याचा कागद मात्र न वाचताच पासपोर्टच्या पिशवीत जातो. दुकानात आलेले ठाण आपण उलगडून पाहतो, पन्हा मोजतो, डाग शोधतो आणि मगच बिलावर सही करतो. आई-वडिलांच्या विम्यालाही तीच नजर लावायला हवी. परदेशातले एक आजारपण लहान दुकानाचे सारे भांडवल गिळू शकते.

पहिला गैरसमज घरातल्या कार्डांचा आहे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय झाली आहे. ही सोय मोठी आहे, पण ती भारतातील ठरलेल्या रुग्णालयांपुरतीच आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचेही तसेच. आपली नेहमीची मेडिक्लेम पॉलिसी बहुधा भारतातील उपचारांसाठीच असते. मुलाला परदेशात कंपनीकडून विमा मिळत असला, तरी त्यात पाहुणे म्हणून आलेले आई-वडील आपोआप येतील असे समजू नये.

ही अडचण आपलीच आहे असे नाही. अमेरिकेत ६५ वर्षांवरील नागरिकांसाठी मेडिकेअर नावाची सरकारी योजना १९६६ पासून चालू आहे. पण तो अमेरिकन म्हातारा देशाबाहेर आजारी पडला, तर काही थोडे अपवाद सोडता मेडिकेअर पैसे देत नाही. त्यासाठी काही जण वेगळी पूरक पॉलिसी घेतात. तिच्या काही प्रकारांत परदेशातील तातडीच्या उपचारांचा खर्च मिळतो, पण त्यालाही अटी आहेत. प्रवासाचे पहिले ६० दिवस, आधी २५० डॉलर स्वतःचे, त्यानंतर खर्चाच्या ८० टक्के, आणि आयुष्यभरात मिळून ५० हजार डॉलरची मर्यादा. तिकडे स्थायिक होऊन नागरिक झालेले आपल्याकडचे कोणी वडीलधारे गावी येत असतील, तर त्यांनाही हे विचारून घ्यावे.

विम्याची सक्ती कुठे आहे आणि कुठे नाही, हेही माहीत असावे. युरोपातील शेंगेन देशांचा व्हिसा हवा असेल तर किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा दाखवावाच लागतो. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाला अशी सक्ती नाही आणि खरा धोका तिथेच आहे. तिथल्या १९८६ च्या कायद्यानुसार तातडीच्या विभागात आलेल्या रोग्याला, खिशात पैसे नाहीत म्हणून, तपासणी आणि तातडीचा उपचार नाकारता येत नाही. पण उपचार मिळाला म्हणजे बिल माफ झाले असे नव्हे. बिल मागाहून घरी येते.

सौदी अरबस्तानात उमराहच्या व्हिसासोबत विमा येतो. त्याची मर्यादा एक लाख रियालपर्यंत असून तो अचानक उद्भवलेले आजारपण, अपघात, मृत्यू अशा प्रसंगांसाठी आहे. जुन्या दुखण्यावरचे नेहमीचे उपचार त्यात होतील असे धरून चालू नये. एजंट 'विमा पॅकेजमध्ये आहे' म्हणाला तर कोणता, किती रकमेचा आणि किती दिवसांचा, हे लेखी मागावे. परवान्याशिवाय जाण्याच्या फंदात तर पडूच नये. २०२४ च्या हजमध्ये भयंकर उष्णतेत १३०१ माणसे दगावल्याचे सौदी सरकारने सांगितले. त्यांतील बहुसंख्य लोक परवान्याशिवाय आलेले होते. अशा माणसांना ना तंबूची सावली मिळते, ना वाहनाची सोय.

आता कागद कसा वाचावा ते पाहू. विम्याची रक्कम डॉलरमध्ये मोठ्या अक्षरात छापलेली असते, खरी गोष्ट पुढच्या पानांवर असते. वय वाढले की अनेक कंपन्या रक्कम कमी करतात, हप्ता वाढवतात किंवा आधी वैद्यकीय तपासणी मागतात. साखर, रक्तदाब, हृदयविकार यांसारख्या आधीपासूनच्या आजारांसाठी पुष्कळ पॉलिसींत एक तर काहीच मिळत नाही, नाही तर जीव धोक्यात आला तरच आणि ठराविक मर्यादेपर्यंतच मिळते.

समजा, पॉलिसी ५० हजार डॉलरची आहे, पण जुन्या आजारासाठी मर्यादा १० हजारांची आहे. वडिलांना हृदयविकाराचा झटका आला आणि बिल ४० हजार डॉलरचे झाले. कंपनी १० हजार देईल, उरलेले ३० हजार घरचे. डॉलर ८५ रुपयांचा धरला तरी हे साडेपंचवीस लाख होतात. हप्त्यात वाचवलेल्या दोन-चार हजारांची ही किंमत आहे. म्हणून 'एकूण किती' याबरोबर 'जुन्या आजाराला किती' हा प्रश्न आधी विचारावा.

अर्ज भरताना सगळे खरे लिहावे. 'साखर लिहू नका, हप्ता वाढेल' असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. पण दावा आल्यावर कंपनी जुने कागद मागते आणि लपवलेला आजार सापडला की दावा नाकारला जाऊ शकतो. सल्ला देणारा त्या वेळी फोन उचलत नाही. अर्ज एजंटने भरला तरी सही आपली असते, म्हणून भरलेला अर्ज वाचून त्याची प्रत ठेवावी.

पॉलिसी भारतातून निघण्यापूर्वीच घ्यावी. परतीची तारीख लांबणार असेल तर मुदत संपण्याआधी वाढीचा अर्ज करावा. मदतीचा फोन नंबर आई-वडिलांच्या खिशात आणि मुलाच्या मोबाइलमध्येही असावा, कारण रुग्णालयात दाखल होताच कंपनीला कळवण्याची अट असते. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावासह घ्यावी आणि गोळ्या पाकिटातून काढू नयेत. झोपेच्या व तीव्र वेदनाशामक गोळ्यांबाबत आखाती देशांचे नियम कडक आहेत, त्यांची आधी चौकशी करावी.

दावा नाकारला गेला तर गप्प बसू नये. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे फी नाही, वकील लागत नाही आणि ५० लाख रुपयांपर्यंतचे वाद घेतले जातात. मात्र कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत तक्रार व्हायला हवी.

विमा जायज आहे का, हा प्रश्न आपल्यातील अनेकांच्या मनात असतो आणि तो टाळण्यात अर्थ नाही. १९८५ मध्ये जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने व्यापारी विमा नाकारला, परंतु परस्परसहाय्यावर उभ्या असलेल्या सहकारी विम्याला मान्यता दिली. सौदीतील विमा कंपन्यांचा कायदा याच सहकारी तत्त्वावर आहे. भारतातील पॉलिसीबाबत ज्याने त्याने आपल्या विश्वासातील आलिमाला विचारावे. पण विचारावे ते प्रवासाच्या दोन महिने आधी, विमानतळावर नव्हे. आणि विमा घ्यायचा नाही असे ठरले, तर तेवढी रक्कम वेगळी बाजूला काढण्याची ऐपत आहे का, याचाही हिशेब त्याच वेळी करावा.

व्यापारी माणूस गाडीभाडे, हमाली, दलाली धरूनच मालाची किंमत काढतो. आई-वडिलांच्या प्रवासाचा खर्च लिहिताना तिकिटाच्या खालची ओळ विम्याची असावी. ती रक्कम लिहिण्यापूर्वी पॉलिसीची सगळी पाने घरातल्या शिकलेल्या मुलाकडून किंवा मुलीकडून वाचून घ्यावीत. एका संध्याकाळचे काम आहे.