आधी भेगा पाहा, मग रंग

वाशिम जिल्ह्यात घर आतून पाहताना रंगाआधी भेगा पाहाव्यात. इथली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते; पाया उथळ असेल तर भिंतीही तिच्याबरोबर हलतात. गिलाव्यावरची केसासारखी बारीक जाळी बहुधा सुकताना पडते, तिची धास्ती नको. दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघून रुंदावत गेलेली भेग मात्र पाया हलल्याची शंका घ्यायला लावते. शेजारचे दार चौकटीत अडकत असेल तर ही शंका बळावते. नव्या रंगाखाली हे दिसणार कसे, हा आक्षेप रास्त आहे. पण रंगाने अडकणारे दार सुटत नाही, की फरशीचा उतार झाकला जात नाही. शिवाय माती ऋतूनुसार फुगते-आक्रसते, म्हणून घर मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर, असे दोनदा पाहावे. भेग वाढलेली दिसली तर सौद्याआधी स्थापत्य अभियंत्याला दाखवा.