चाल सिनेमाची, टाळ आमचे

१ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आमचं पांढुर्णा-सौंसर मध्य प्रदेशात राहिलं. कारभार हिंदीत झाला, पण गाणं दोन्हीकडून येत राहिलं. नागपूर आकाशवाणीवरून मराठी, पुढच्याच वर्षी सुरू झालेल्या विविध भारतीवरून हिंदी सिनेमा. आणि जुन्या मंडळींची कुरकुरही तेव्हापासूनची: भजन आणि दंडार, खडी गंमत हे लोकप्रकार तेवढे खरे, बाकी सगळा मुंबईचा धंदा.

तर मग भजनी मंडळाची एखादी वही उघडा. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीनं भारलेला हा मुलूख. वहीत भजनाच्या डोक्यावर ‘चाल’ किंवा ‘तर्ज’ असं लिहून पुढे कुठल्याशा गाजलेल्या सिनेमाच्या गाण्याचे दोन-तीन शब्द असतात. खाली विठ्ठल. गाणाऱ्याला यात काही खटकत नाही, विठ्ठलानंही कधी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेटी आल्या. प्रल्हाद शिंद्यांची विठ्ठलाची गाणी स्टुडिओत बसून ध्वनिमुद्रित झालेली, बाजारात विकलेली. आषाढीला ती लागली की त्यांना बनावट म्हणायची कुणाची टाप आहे? आनंद शिंद्यांचा ‘नवीन पोपट’ तर उघडउघड विकायलाच काढलेला माल. त्यावर नाचलेली माणसं आज आजोबा झालीत, अन् अजून हसून सांगतात.

२०१६ मध्ये ‘सैराट’ सिनेमा आला. अजय-अतुल यांनी त्याच्या संगीतासाठी थेट लॉस एंजेलिसमध्ये वाद्यवृंद बसवला. याहून ‘घडवलेलं’ संगीत कोणतं? पण त्यातलं ‘झिंगाट’ आमच्या वरातीत आलं ते धुमालवाल्यांच्या हातून. गाडीवर कीबोर्ड, शेजारी ऑक्टोपॅड, खाली ढोल-ताशे. कीबोर्डवाला मुखडा धरतो, नवरदेवाचे मित्र ओरडले की तोच पुन्हा घेतो, मावश्या पुढे सरकल्या की लय जरा उतरवतो. मूळ गाण्यात यातलं काही नाही. २०१८ मध्ये ‘धडक’सोबत त्याचं हिंदी रूपही आलं, पाय मात्र मराठीवरच जास्त उचलतात, असं माझं निरीक्षण.

२०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा जिल्हा झाला आणि डिसेंबरात राज्य सरकारनं भोंगे-डीजेंवर बंधनं आणली. मला ती पटली, पण सिनेमाच्या गाण्यावरच्या रागानं नव्हे. गाणं कारखान्यात झालं म्हणून ते बेचव होत नाही. डीजेच्या भिंतीपुढे माणसाला स्वतःचा आवाजच ऐकू येत नाही, तिथे मजा मरते. तेव्हा धुमालवाल्या दादांनो, चाल कुठलीही आणा, पण शेवटचा मुखडा आवाज बंद करून वऱ्हाडाला म्हणू द्या.