मराठी शाळेचा मास्तर कसा तयार होत असे

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा मराठी मुलुखात शाळा नव्हत्या असे मुळीच नाही. १८२९ च्या सुमारास सरकारने मुंबई इलाख्यातल्या शाळांची मोजदाद केली, तेव्हा जवळपास १,७०० शाळा आणि ३५,००० मुले भरली. त्यांत सरकारी शाळा अगदी थोड्या. बाकीच्या पंतोजींच्या, देवळाच्या ओवरीत नाहीतर कुणाच्या पडवीत भरणाऱ्या. धूळपाटीवर अक्षरे गिरवायची, हात बसला की बोरूने मोडीचे कित्ते काढायचे, पावकी-निमकीपासून औटकीपर्यंतचे पाढे घोकायचे आणि दिवेलागणीला परवचा म्हणायचा. पंतोजीला मोबदला घरटी धान्याचा, शिवाय सणावारी शिधा. शिकवायचे कसे, हे त्याला कुणी शिकवलेले नसे. वर्गात चार वयांची पोरे असत. मोठ्यांनी धाकट्यांना गिरवून द्यायचे, पंतोजीने शिमटी घेऊन वर लक्ष ठेवायचे.

या रीतीने पुढे भलताच प्रवास केला. मद्रासजवळ एग्मोरला लष्करी अनाथाश्रम होता. तिथे अँड्र्यू बेल या पाद्र्याने मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवून पाहिले आणि १७९७ मध्ये त्यावर पुस्तिका छापली. जोसेफ लँकेस्टरने तशीच पद्धत लंडनमध्ये चालवली. एकाच मास्तरावर शेकडो मुले सांभाळता येतात, हा तिचा मोठा गुण. म्हणजे खर्च कमी. दक्षिणेतल्या गावठी शाळांत धाकट्यांना वाळूत अक्षरे गिरवायला लावत, ती युक्ती बेलने तिथूनच उचलली होती. पंचवीस-तीस वर्षांनी हीच पद्धत विलायतेचा शिक्का घेऊन मुंबईत उतरली, आणि पंतोजीला अडाणी ठरवून त्याच्या जागी जो नवा शिक्षक आणायचा होता, त्याला ती शिकवण्यात आली.

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना १८२२ मध्ये मुंबईत शाळा आणि शालेय पुस्तकांसाठी एक सोसायटी उभी राहिली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस तिच्या देशी भाषांच्या कामाचा कर्ताधर्ता होता. १८२६ मध्ये तिने २४ शिक्षक तयार करून जिल्ह्यांत पाठवले, त्यांत मराठीचे होते तसे गुजरातीचेही. मुलांच्या सरकारी मराठी शाळांची सुरुवात इथली. छापील पुस्तक, बालबोध लिपी, भूगोल आणि व्याकरण या गोष्टी या मास्तरांबरोबर गावात शिरल्या. मोडी आणि हिशेब मात्र कुणाला काढता आले नाहीत. आईबापांना तेच हवे होते. पोराला खतपत्र वाचता आले, सावकाराचे व्याज ताडून पाहता आले, तर शाळा कामाची.

पुढची वीस वर्षे शिक्षक तयार करण्याचे काम रडतखडत चालले. १८४५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिक्षकांचा वर्ग निघाला आणि त्याची धुरा बाळशास्त्री जांभेकरांकडे आली. पण दुसऱ्याच वर्षी बाळशास्त्री गेले. १८५४ च्या वुडच्या खलित्याने नॉर्मल शाळा काढा, शिकणाऱ्यांना विद्यावेतन द्या, असे सांगितले. तेव्हा पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजसारख्या संस्थांना बळ आले. कृष्णशास्त्री चिपळूणकर या कॉलेजचे प्रमुख होते. मास्तरांसाठी खात्याचे ‘शालापत्रक’ निघे. ते पुढे कृष्णशास्त्र्यांच्या चिरंजीवांच्या, विष्णुशास्त्र्यांच्या हाती आले. त्यांची लेखणी सरकारला मानवली नाही आणि १८७५ मध्ये ते बंद पडले.

आता मास्तर होण्याची वाट पाहू. खेड्यातला मुलगा बिगरीत बसे. तिथून यत्ता चढत मराठी सहावी-सातवीला पोचे आणि ‘व्हर्न्याक्युलर फायनल’ देई. ही परीक्षा पास झाली की तलाठ्याची, कारकुनाची किंवा मास्तराची खालची नोकरी मिळू शके. म्हणजे मास्तर होणारा मुलगा आणि तलाठी होणारा मुलगा इथवर एकच. फायनल झालेला पुष्कळदा आपल्याच किंवा शेजारच्या शाळेत उमेदवार म्हणून चिकटे आणि लहानांचे वर्ग सांभाळी. त्यातल्या काहींची निवड ट्रेनिंग कॉलेजात होई. तिथे वसतिगृह, थोडे विद्यावेतन आणि नंतर खात्यात ठरावीक वर्षे नोकरी करण्याची हमी. एक वर्ष केले की ‘फर्स्ट इयर ट्रेंड’, तीन केली की ‘थर्ड इयर ट्रेंड’. पगार आणि मान त्या वर्षांवर ठरे.

कॉलेजात अर्धा वेळ स्वतःचा अभ्यास. उरलेला वेळ लागूनच असलेल्या सराव पाठशाळेत, आणि मला वाटते खरे शिक्षण तिथेच होई. समजा, वस्तुपाठ कापसाचा. उमेदवाराने आदल्या दिवशी टाचण लिहायचे: बोंड आणायचे, सरकी वेगळी करून दाखवायची, ‘धोतर कशाचे?’ असे विचारत पोरांना बोंडापर्यंत न्यायचे. उत्तर आपण सांगायचे नाही, काढून घ्यायचे. मागच्या बाकांवर बरोबरीचे उमेदवार आणि अध्यापक वह्या उघडून बसलेले. तास संपला की टीकापाठ सुरू: फळ्याकडे तोंड करून बोललात, एकाच मुलाला तीनदा विचारलेत, मागची रांग झोपली होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यात हर्बार्ट या शिक्षणतज्ज्ञाची पंचपदी, म्हणजे पाठाच्या पाच पायऱ्या, हीही आली, आणि टाचण आणखी लांबले.

मग हा माणूस गावी जाई. तिथे एका खोलीत बिगरी ते चौथी आणि मास्तर एकटा. पाच यत्ता एकाच वेळी चालवायच्या तर कापसाचे बोंड कुठले? एका यत्तेला शुद्धलेखन, दुसरीला गणित, तिसरीला पाढे, आणि चौथीतला हुशार पोरगा बिगरीवर. पंतोजीची रीत सरकारी कॅटलॉगसह, म्हणजे हजेरीपटासह, परत हजर!

त्यात वर्षाकाठी शाळा तपासायला खात्याचा डेप्युटी येई. गाव आधी सारवले जाई, पोरांना धुतलेल्या टोप्या मिळत. डेप्युटी कॅटलॉग तपासी, पटावरची आणि समोरची मुले मोजी, प्रत्येकाकडून वाचन, तोंडी हिशेब आणि शुद्धलेखन घेई आणि जाताना शेरेबुकात चार ओळी लिही. त्या ओळींवर मास्तराची बढती आणि बदली अवलंबून. साहजिकच मास्तर डेप्युटी विचारील तेवढेच शिकवी. कॉलेजात शिकवलेली पद्धत आणि खात्याने तपासलेली गोष्ट, यांचा मेळ कधी बसलाच नाही. दोष मास्तराचा म्हणता येत नाही.

शिवाय असा ट्रेंड मास्तर मिळणे हीही चैनच. पुष्कळ शाळांवर फायनल झालेला, बिनट्रेंड माणूस असे, कारण तो स्वस्त. पैसा यायचा बराचसा शेतसाऱ्यावरच्या रुपयामागे एक आण्याच्या लोकल फंडातून, आणि त्यातला तिसरा हिस्सा शाळांना. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी नेमके यावर बोट ठेवले: शेतकरी पैसा भरतो आणि फायदा वरच्या वर्गाला. प्राथमिक शिक्षक ट्रेंडच हवेत, त्यांना १२ रुपयांहून कमी पगार नको, मोठ्या गावी १५-२० द्यावा, असे त्यांनी लिहून दिले. मास्तराकडे गावचे टपाल, दस्तनोंदणी, स्टॅम्पविक्री अशी कामे सोपवली तर त्याची पत वाढेल, हीही सूचना त्यांचीच. मुलांना मोडी आणि बालबोध, हिशेब, थोडी शेती, थोडे आरोग्य शिकवा, असा त्यांचा आग्रह होता.

शाळेत कोणाची मुले बसणार, हा प्रश्न याहून कठीण. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला. सरकारी खर्चाच्या शाळा सर्वांना खुल्या, असे पुढे कंपनीच्या संचालकांनी ठरवले, पण कागदावर. खुल्या शाळेत अशा मुलांना जागा मिळे ती बाहेर, गोणपाटावर. उलट लष्करात शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिकवण्याची सोय होती. रामजी सकपाळांनी पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये शिक्षकाचे प्रशिक्षण घेतले आणि लष्करी शाळेत १४ वर्षे हेडमास्तरकी केली. त्यांचाच मुलगा, भीमराव (पुढे डॉ. आंबेडकर), साताऱ्याच्या सरकारी शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळा बसे.

त्याच साताऱ्यात १९३५ मध्ये भाऊराव पाटलांनी ग्रामीण शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढले. सगळ्या जातींची खेड्यातली मुले तिथे एकत्र राहत, श्रम करत आणि मास्तर होऊन बाहेर पडत. त्यानंतर भाऊरावांच्या रयत शिक्षण संस्थेने जिल्ह्यातल्या लहान गावांत व्हॉलंटरी शाळा काढायला सुरुवात केली, तेव्हा त्यांवर नेमायला माणसे हाताशी होती.