नळाला पाणी आलं? मग भीमाशंकरला एक नमस्कार ठोका!

जुलै लागला की सोलापुरात दोन आकड्यांवर खल सुरू होतो. दौंडला विसर्ग किती क्युसेक, आणि उजनी वजा किती टक्के. धरणाची टक्केवारी शून्याच्या खालीही जाते, हे बाहेरगावच्या पाहुण्यांना सांगून पटत नाही. पण उजनीचं गणितच निराळं आहे. एकूण क्षमता ११७ टीएमसी आणि त्यातला ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा! निम्म्याहून अधिक धरण कागदोपत्री ‘मृत’, आणि उन्हाळ्यात अख्खा जिल्हा जगतो तो त्या मृतावरच.

हे आकडे हलतात ते आपल्याकडच्या पावसानं नव्हे. सोलापुरात वर्षाकाठी साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस, तोही मनात आलं तर. भीमा जिथं उगम पावते त्या भीमाशंकरच्या डोंगरात मात्र तीन हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळतो. वाटेत भामा, इंद्रायणी, मुळा-मुठा, घोड अशा सगळ्या येऊन मिळतात (मुळा-मुठा येताना पुणेकरांचं काय काय घेऊन येते, ते जेवताना वाचू नये). तरी मूळ ते मूळ. तेव्हा यंदा गड्ड्याच्या जत्रेत कुणी व्हिएतनामच्या भातपायऱ्यांचे फोटो दाखवायला लागलं, तर त्याला सांगा, डोंगर, अभयारण्य, पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं आणि आदिवासी गावं, हे सगळं आपल्याच नदीच्या वरच्या टोकाला आहे. पासपोर्ट लागत नाही. पुण्यापर्यंत अडीचशे किलोमीटर, तिथून पुढे सव्वाशेच्या आसपास.

उलट्या दिशेची नदी

भीमाशंकरच्या कड्यावर उभं राहिलं की समोर खाली कोकण. अरबी समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाही. कड्याच्या पश्चिमेला पडलेला थेंब कर्जत-मुरबाडकडे उतरतो, उल्हास नदीच्या खोऱ्यातून झटकन समुद्राला मिळतो. पूर्वेला पडलेला थेंब मात्र समुद्राकडे चक्क पाठ फिरवतो आणि भोरगिरी, चासकमान, दौंड, उजनी, पंढरपूर असा ८६१ किलोमीटरचा प्रवास करून कृष्णेत शिरतो. तिच्याबरोबर बंगालचा उपसागर. जवळचा समुद्र सोडून लांबचा धरला, म्हणून सोलापूर आहे. मंदिराजवळच नदी थोडी दिसते, मग लपते. पुढे जिथं ती पुन्हा वर येते त्या जागेला ‘गुप्त भीमा’ म्हणतात. पंढरपुरात चंद्रभागेचं ऐसपैस पात्र पाहिलेल्या माणसाला तिथला तो ओहोळ पाहून हसूच येतं.

एक अभयारण्य झाडांचं, एक बिनझाडांचं

भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं. क्षेत्र सुमारे १३१ चौरस किलोमीटर, पुणे, ठाणे आणि रायगड या तीन जिल्ह्यांत विभागलेलं. सोलापूरकर लगेच कॉलर ताठ करतील, “काय बे, आमचं नान्नज बघितलंय का?” बरोबरच आहे. १९७९ साली जाहीर झालेलं माळढोक अभयारण्य कागदावर तब्बल साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या घरात होतं. त्यात शेतं, गावं, रस्ते सगळंच आलं होतं. पुढे ते १,२०० चौरस किलोमीटरच्या आसपास आणलं गेलं. गंमत अशी की भीमाशंकरला झाड तोडलं तर शेकरूचा रस्ता तुटतो आणि नान्नजच्या माळावर झाडं लावली तर माळढोकचा. ‘झाडे लावा’ हा मंत्र सरसकट सगळीकडे चालत नाही, हे एकाच नदीच्या दोन टोकांना इतकं स्वच्छ दिसणारं उदाहरण दुसरं सापडणं कठीण.

एल्फिन्स्टन अजून झाडावर आहे

शेकरू म्हणजे राज्यप्राणी. आपल्या खारीची ही थोरली बहीण, वजन दोन किलोपर्यंत, अंगावर तांबूस-तपकिरी आणि पिवळट पांढरा रंग, आणि धडापेक्षा लांब झुपकेदार शेपूट. जमिनीवर उतरणं तिला आवडत नाही. एका झाडावरून दुसऱ्यावर वीस-वीस फुटांच्या उड्या मारत दिवस काढते. फांद्यांच्या बेचक्यात काटक्या-पानांची गोल घरटी बांधते, तीही एकावर न थांबता अनेक. कुठल्या घरट्यात मुक्काम आहे हे शिकाऱ्याला कळू नये, हा त्यातला एक फायदा. सकाळी आणि दुपार कलल्यावर वर पाहत चाला. आधी आवाज येतो, मग फांदी हलते, मग शेपूट. आपण मोबाइल काढेपर्यंत बाई पुढच्या झाडावर.

भीमाशंकरच्या शेकरूला शास्त्रात ‘एल्फिन्स्टोनी’ म्हणतात. १८३१ साली विल्यम साइक्स या लष्करी अधिकाऱ्यानं तिचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि मुंबईचे माजी गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचं नाव तिला चिकटवलं. मुंबईचं एल्फिन्स्टन रोड स्टेशन २०१८ साली प्रभादेवी झालं. शेकरूच्या मागचा गव्हर्नर मात्र कुणालाच उतरवता आलेला नाही. आणि आपल्यासाठी खास गोष्ट, साइक्सच्याच नावाचा एक चंडोल सोलापूरच्या माळरानात भुर्र उडताना दिसतो. साहेबांनी दख्खनच्या दोन्ही टोकांना आपली माणसं पेरून ठेवली आहेत.

डोंगर कापून केलेलं शेत

आता मुख्य गोष्ट. आंबेगाव, खेड, जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी समाजाची गावं आहेत आणि त्यांच्या उतारावर भातखाचरं. ही खाचरं निसर्गानं दिलेली नाहीत. भात निघाला, डोंगर वाळला की माणसं एकत्र येऊन उतार खणतात, धोंडे उपसतात, त्याच दगडांचा बांध रचतात आणि मागे माती ओढून सपाट तुकडा तयार करतात. या कामाला पडकई म्हणतात. मजुरीचा हिशेब नाही. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. एकेका वर्षी एखादा तुकडा वाढतो, आणि चार पिढ्यांनी मागे वळून पाहिलं की डोंगराला पायऱ्या पडलेल्या असतात. फिलिपाइन्सच्या इफुगाव भागातल्या भातपायऱ्यांना युनेस्कोनं १९९५ साली जागतिक वारसा म्हटलं. इथल्या पायऱ्या तितक्या उंच नाहीत, हे कबूल, पण हिशेब तोच. डिंभे धरणामुळे विस्थापित झालेल्या आदिवासींबरोबर काम करणाऱ्या आंबेगावच्या ‘शाश्वत’ संस्थेला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. पडकईला पुन्हा बळ देणं हे त्यांच्या कामांपैकी एक.

भाताचं वेळापत्रक ज्वारीवाल्यांनी एकदा बघण्यासारखं आहे. उन्हाळ्यात रोपांच्या जागेवर पालापाचोळा, काटक्या आणि शेण पसरून राब भाजतात. तणाचं बी जळतं, राख खत होते. पहिल्या पावसाबरोबर पेरणी, मग जुलैत चिखलणी आणि आवणी. गुडघाभर चिखल, डोक्यावर इरलं, वाकलेल्या पाठींची रांग. वरच्या खाचरातलं जास्तीचं पाणी बांधाच्या तोंडातून खालच्यात, तिथून आणखी खालच्यात. पंप नाही, पाइप नाही. शत्रू एकच, खेकडा. तो बांध पोखरतो आणि एका रात्रीत खाचर रिकामं करतो. त्याची शिक्षा म्हणजे रस्सा.

मोहोळच्या संशोधन केंद्रानं आपल्याला मालदांडी ३५-१ दिली, तर मावळातल्या वडगाव केंद्रानं १९८७ साली इंद्रायणी दिला. मालदांडी काळ्या मातीतल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर उभी राहते, पाऊस नसला तरी चालतं. इंद्रायणीला पायाशी पाणी साचून हवं. एकाच नदीच्या वरच्या टोकाला भात आणि खालच्या टोकाला ज्वारी, म्हणून भाकरीही दोन. तांदळाची भाकरी मऊ, लगेच संपवायची. आपली कडक भाकरी चार दिवस पिशवीत. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बरोबर न्या, बदल्यात तिकडची भाकरी मिळते. वस्तुविनिमय अजून मेलेला नाही.

हिरड्याची कमाई

या गावांचं नगदी पीक म्हणजे हिरडा, आणि तो शेतात नाही, झाडावर. कोवळं फळ झाडावरून काढून वाळवलं की होतो बाळहिरडा. मार्च-एप्रिलमध्ये घराघरांसमोर काळे-काळे खडे वाळताना दिसतील. औषधाला, कातडं कमवायला, रंगाला त्याचा उपयोग. आपल्या घरच्या त्रिफळ्यात बेहडा आणि आवळ्याबरोबर तिसरा असतो तोच. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळात या पट्ट्यातली हिरड्याची झाडं मोडली. एक झाड पडलं म्हणजे एका घराची पुढच्या कित्येक उन्हाळ्यांची कमाई पडली.

रात्री चमकणारं लाकूड

पावसाळ्यात या जंगलात कुजणाऱ्या काटक्या हिरवट उजेड देतात. भूत नाही, बुरशी आहे, मायसीना कुळातली. तिच्यातल्या रसायनाची ऑक्सिजनशी गाठ पडली की थंड प्रकाश बाहेर पडतो. काजव्याचंही तत्त्व तेच. फोटोत दिसतं तितकं लखलखीत डोळ्यांना दिसत नाही, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर घरी येऊन फसवलं म्हणाल. कॅमेरा कित्येक सेकंद उघडा ठेवलेला असतो. बॅटरी बंद करून अंधारात पंधरा-वीस मिनिटं बसलं तर डोळे तयार होतात. वनखात्याला विचारल्याशिवाय रात्री जंगलात शिरू नये, हेही ओघानं आलंच.

वाघाची बारस, देवाचं रान

दिवाळीच्या सुरुवातीला आपण वसुबारस करतो. इथं त्याच दिवशी वाघबारस असते. गुराखी वाघोबाला नैवेद्य दाखवतात, गुरं सुखरूप ठेव म्हणून. वाघ गेला, बिबट्या राहिला, नैवेद्य चालू आहे. आहुपे गावाजवळ देवराई आहे. तिथं कुऱ्हाड चालत नाही, वाळलेली फांदीसुद्धा देवाचीच. महाराष्ट्रातल्या देवरायांचा पहिला मोठा शास्त्रीय अभ्यास माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात केला. अभयारण्याचा कायदा यायच्या कितीतरी आधी गावानं आपलं अभयारण्य करून ठेवलं होतं, हे सरकारी फलकावर लिहायला हरकत नव्हती.

थोडं झटपट. आंबेगाव तालुका ज्या गावाच्या नावानं आहे ते जुनं आंबेगाव डिंभे धरणाखाली बुडालं. कचेरी घोडेगावात, नाव मात्र पाण्यातल्या गावाचं. आपल्या उजनीतही पळसदेवचं देऊळ बुडालेलं आहेच, पाणी आटलं की शिखर वर येतं. भीमाशंकरच्या मंदिरात टांगलेली घंटा पोर्तुगीज आहे, १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यानंतर इकडे आलेली. चर्चसाठी ओतलेली घंटा ज्योतिर्लिंगाला वाजते आहे.

या वाटेवर माळीण लागतं. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर गावावर आला आणि १५१ माणसं गेली. शेजारी नवं माळीण वसलं आहे. तिथं थांबलात तर फोटोसाठी थांबू नका.

कधी जायचं? महाशिवरात्र आणि श्रावणी सोमवार टाळा, देव तिथंच राहणार आहे आणि गर्दीही. आवणी बघायची तर जुलै, पण घाटात धुकं इतकं की पुढची एसटी नुसती ऐकू येते. सोनेरी खाचरं बघायची तर ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबर. तेव्हा कापणी चालू असते, बांधावरून चालताना पीक तुडवू नका, आणि कुणाच्या घराचा, माणसांचा फोटो न विचारता काढू नका. पाड्यावर जेवण सांगायचं तर आदल्या दिवशी सांगा. नवा भात शिजायला वेळ लागत नाही, पण चुलीला लागतो. येताना बाळहिरडा आणि तांदूळ थेट घरातून घ्या. भाव करायचा असेल तर आधी एखाद्या खाचराच्या बांधावरचा एक धोंडा उचलून बघा.