कललेलं झाड पाडण्याआधी

गोरेगाव-सेनगाव भागात धुऱ्यावरची बाभूळ किंवा लिंब कलतो तो बहुधा पावसाळ्यात. काळी माती भिजून मऊ झाली की मुळांची पकड सुटते. बुंध्याजवळ ताजी भेग दिसली किंवा मूळ उचललेलं असलं, तर नवख्याने त्या झाडाला हातच लावू नये.

खरा धोका खोडातल्या ताणात आहे. कललेल्या खोडाचे पाठीकडचे तंतू ताणलेले असतात, पोटाकडचे दाबलेले. पाठीकडून सरळ कापत गेलं, तर काप पुरा होण्याआधीच खोड उभं चिरतं आणि मागची फाळ उसळून कापणाऱ्याच्या अंगावर येते. पोटाकडून खोल कापलं, तर करवत अडकते. जाणकार पोटाकडे उथळ खाच घेतात, खाचेमागे जाडीच्या साधारण दहाव्या हिश्शाचं लाकूड बिजागरीसारखं राखून बाकीचा गाभा कडेने कापतात आणि पाठीकडची पट्टी सर्वांत शेवटी तोडतात. यंत्रकरवतीचं टोक आत घालताना ती उसळते. हे काम शिकल्याशिवाय करू नये.

झाडाच्या दुप्पट उंचीएवढ्या अंतरात माणूस, जनावर नको. मागे तिरकी पळवाट आधीच मोकळी करावी. जवळ वीजतार असेल, तर महावितरणला कळवून पुरवठा बंद झाल्यावरच काम सुरू करावं.

आंबा, चिंच, मोह, जांभूळ, साग स्वतःच्या शेतातले असले, तरी 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्यानुसार तोडण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते.