चित्र न पाहताच बाद होऊ नये

दहावी-बारावीच्या मुलामुलींची चित्रे आमच्या घरांत कुठे असतात? पलंगाखाली, पत्र्याच्या पेटीत, नाहीतर कपाटावर गुंडाळी करून, दोऱ्याने बांधून. पावसाळ्यात पत्रा गळतो आणि गुंडाळी भिजते. दिवाळीच्या साफसफाईत निम्मी रद्दीत जातात. शाळेतून एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा देणारी, चांगली श्रेणी मिळवणारी मुले आपल्या वस्त्यांत कितीतरी आहेत. दहावीला त्याचे सवलतीचे गुणही मिळतात. पण पुढे काय? पुढे ती गुंडाळी तशीच कपाटावर राहते.

आम्ही हे लिहितो आहोत, कारण दोन वर्षांपूर्वी एका गुंडाळीने आमचे डोळे उघडले.

वस्तीतली एक मुलगी बारावीला होती. वडील इमारतींच्या रंगकामावर जातात, आई चार घरची धुणीभांडी करते. मुलीचा हात चांगला. रेल्वे फलाटावर भाजी निवडणाऱ्या बायका, नळावरची रांग, परातीत पीठ मळणारी आजी, असे रोजचे जग ती पेन्सिलीने आणि जलरंगाने काढायची. तिने एका खासगी डिझाइन संस्थेत अर्ज केला. संस्थेने पोर्टफोलिओ मागितला. पोर्टफोलिओ म्हणजे आपल्या निवडक कामांचा संच. पूर्वी तो मोठ्या फाइलीत घालून, काखेत मारून मुलाखतीला न्यायचा असे. या संस्थेला तो संगणकावरून हवा होता.

मुलीने संध्याकाळी ट्यूबलाइटखाली मोबाइलवर फोटो काढले. सायबर कॅफेवाल्याने ते गुगल ड्राइव्हवर चढवले, त्याची लिंक अर्जात भरली आणि अर्जात ई-मेलचा पत्ता टाकला तो स्वतःचा. महिनाभर उत्तर नाही. चौकशी केली तेव्हा समजले, की लिंक उघडलीच नव्हती. उघडण्याची परवानगी द्यायची राहिली होती. संस्थेने तसे ई-मेलने कळवलेही होते. तो ई-मेल कॅफेवाल्याच्या ढिगात पडून राहिला. मुदत संपली, मुलीचे वर्ष गेले.

तिचे वडील आम्हाला म्हणाले, "दादा, पोरीचं चित्र वाईट आहे म्हणून नाही म्हणाले असते, तर मी गप्प बसलो असतो. पण त्यांनी बघितलंच नाही हो!"

हे वाक्य आमच्या मनातून गेले नाही. चित्र पाहून नाकारले तर मुलगी आणखी मेहनत करील. न पाहताच बाद झाले, तर तिने काय सुधारायचे? त्यानंतर आम्ही दोघा-तिघांनी ठरवले, की रविवारी सकाळी अभ्यासिकेत बसायचे आणि मुलांचे पोर्टफोलिओ नीट पाठवायला मदत करायची. आम्हाला चित्रकला येत नाही. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे आणि आयुष्य आवक-जावक नोंदवण्यात गेलेले. पण या कामात निम्मे काम कारकुनीच आहे, हे लवकरच कळले. या रविवारांत जे शिकलो ते इथे मांडतो.

पहिली गोष्ट उजेडाची

परीक्षक तुमचे चित्र पाहत नाही, चित्राचा फोटो पाहतो. म्हणून फोटो चित्राशी इमानदार हवा. ट्यूबलाइट किंवा पिवळ्या दिव्याखाली रंग बदलतात. फ्लॅश मारला की मध्ये पांढरा डाग येतो. उन्हात धरले तर कागदाचा खरखरीतपणा आणि मोबाइलची सावली दिसते.

उपाय त्या मुलीच्या वडिलांनीच सांगितला. ते म्हणाले, "भिंतीवर उजेड तिरपा पडला की पुट्टीतली बारीक चूकसुद्धा दिसते. चूक दिसू नये असं वाटत असेल तर उजेड सगळीकडून सारखा पाहिजे." रंगाऱ्याचे हे ज्ञान इथे तंतोतंत लागू पडते. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, जिथे ऊन थेट येत नाही पण आकाश मोकळे आहे अशा ओट्यावर किंवा गच्चीच्या सावलीत चित्र ठेवा. ढगाळ दिवस तर उत्तमच. चित्र काचेच्या चौकटीत असेल तर बाहेर काढा, नाहीतर काचेत फोटो काढणाऱ्याचाच चेहरा दिसतो.

दुसरी गोष्ट मोबाइल धरण्याची

महागडा कॅमेरा लागत नाही. साध्या मोबाइलवर काम होते. आधी भिंगावरचा तेलकट डाग मऊ कपड्याने पुसा. चित्र भिंतीला सपाट चिकटवा आणि मोबाइल त्याच्या बरोबर मध्यासमोर, समांतर धरा. मोबाइल कलला की चौकोनी कागद एका बाजूला निमुळता दिसतो. फार जवळ जाऊ नका. जवळून कडा फुगीर येतात. दोन पावले मागे सरका आणि थोडे झूम करा. हात थरथरत असेल तर स्टुलावर पुस्तके रचून मोबाइल टेकवा.

नंतर फोटोतली भिंत, टाचण्या, बोटे कापून टाका. चित्राची कड मात्र कापू नका. पेन्सिलीच्या कामात कागद करडा दिसतो. तिथे उजेड थोडा वाढवावा, पण रंग भडक करून चित्र होते त्यापेक्षा देखणे करू नये. मातीची किंवा कागदी वस्तू असेल तर साध्या एकरंगी कापडासमोर ठेवून दोन बाजूंनी फोटो घ्या.

तिसरी गोष्ट निवडीची

मुलांना वाटते, सगळे पाठवले की प्रभाव पडेल. तसे नाही. संस्थेने दहा मागितली तर दहाच द्यायची. त्यांत चार एकसारखी निसर्गचित्रे नकोत. कॅलेंडरवरून किंवा मोबाइलवरून उतरवलेले चित्र कितीही हुबेहूब असले तरी त्याची किंमत कमी. आपल्या डोळ्यांनी पाहिलेले काढा. आमच्या त्या मुलीला नळावरच्या रांगेचे चित्र पाठवायला लाज वाटत होती. "काका, हे तर गरिबीचं दिसेल," असे ती म्हणाली. आम्ही तिला तिच्या चित्रकलेच्या सरांकडे पाठवले. सरांनी तेच चित्र पहिल्या क्रमांकावर ठेवायला सांगितले. निवड चित्रकलेच्या शिक्षकांनीच करावी. आमच्यासारख्यांनी त्यात लुडबुड करू नये.

कच्चे कामही फेकू नका. अमेरिकेत कॉलेज बोर्ड ही संस्था हायस्कूलच्या मुलांसाठी एपी नावाच्या परीक्षा घेते. त्यात चित्रकलेला लेखी पेपर नसतो, पोर्टफोलिओ हीच परीक्षा. रेखाटन, द्विमित आणि त्रिमित असे त्याचे तीन प्रकार आहेत. एका विषयाचा पाठपुरावा दाखवणारी १५ छायाचित्रे आणि शिवाय निवडक ५ कामे द्यावी लागतात. पूर्वी रेखाटन आणि द्विमित प्रकारांतली निवडक कामे प्रत्यक्ष पाठवावी लागत. आता तीही संगणकावरूनच जातात. २०२० साली करोनामुळे शाळा बंद होत्या, तेव्हा त्या वर्षापुरती ही संख्या १० आणि ३ केली होती. सांगायचे कारण असे, की त्या १५ छायाचित्रांत पूर्ण झालेल्या कामांबरोबर ते काम कसे घडत गेले हेही दाखवता येते. विचार कसा वाढत गेला ते पाहणाऱ्याला कळते. आपल्याकडेही मुलाखतीत "हे कसं सुचलं?" असा प्रश्न येतो, तेव्हा जुन्या वहीतले कच्चे रेखाटन कामाला येते.

त्या परीक्षेत प्रत्येक कामासोबत साहित्य, पद्धत आणि मापही लिहावे लागते, तेही प्रत्येकी १०० अक्षरांच्या आत. म्हणून आम्ही मुलांना चित्राच्या पाठीमागेच पेन्सिलीने लिहायला सांगतो : नाव, तारीख, कोणते रंग, कागदाची लांबी-रुंदी. आज दोन मिनिटे लागतात. वर्षाने आठवत नाही.

आणखी एक इशारा. एआयकडून चित्र करून घेऊन आपले म्हणून देऊ नये. त्या परीक्षेत कामाच्या कोणत्याही टप्प्यावर एआय वापरायला बंदी आहे. "तयार पोर्टफोलिओ करून देतो" म्हणून पैसे घेणाऱ्यांपासूनही दूर राहा. समोर बसवून पेन्सिल हातात दिली, की दुसऱ्याच्या हाताचे काम उघडे पडते. महाराष्ट्राच्या कला अभ्यासक्रमांच्या सीईटीत तर वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र स्वतःच्या हाताने काढावे लागते. तिथे कोणाचा मोबाइल मदतीला येणार?

चौथी गोष्ट पोचपावतीची

आता आमच्या कारकुनीचा भाग.

ई-मेलचा पत्ता मुलाचा स्वतःचा हवा. पासवर्ड वहीत लिहून आईजवळ द्यावा. कॅफेवाल्याचा किंवा शेजाऱ्याचा पत्ता कधीही देऊ नये. रोज एकदा ई-मेल उघडून पाहावा, नको असलेल्या टपालाचा स्पॅम कप्पासुद्धा.

व्हॉट्सअॅपवरून फोटो नेहमीसारखा पाठवला की तो दाबून लहान होतो आणि बारकावे जातात. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फाइलीला इंग्रजी अक्षरांत साधे नाव आणि क्रमांक द्या. फाइल जेपीजी हवी की पीडीएफ, किती एमबीपर्यंत चालेल, हे सूचनापत्रकात दिलेले असते. ते पत्रक आम्ही मुलाकडून मोठ्याने वाचून घेतो. केबी आणि एमबी यांच्या घोटाळ्यात बरेच अर्ज अडकतात. १ एमबी म्हणजे साधारण १००० केबी, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

ड्राइव्हची लिंक द्यायची असेल तर "लिंक असलेल्या कोणालाही पाहता येईल" अशी परवानगी द्या. मग ती लिंक दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडून बघा. उघडली तरच अर्जात भरा. आमच्या मुलीचे वर्ष या एका गोष्टीने गेले होते.

फॉर्म "सेव्ह" करणे म्हणजे पाठवणे नव्हे. "सबमिट" दाबल्यावर अर्ज क्रमांक येतो. त्याचा फोटो घ्या, छापील प्रत काढा. पोचपावती हातात नाही तर अर्ज दिलाच नाही असे समजा. आणि शेवटच्या रात्रीची वाट पाहू नका. त्या रात्री सगळा देश अर्ज भरत असतो आणि यंत्रणा कोलमडते. आमचा नियम असा, की मुदतीच्या चार दिवस आधी काम संपलेच पाहिजे. जातीचा दाखला, जातवैधता, उत्पन्नाचा दाखला यांच्या स्वच्छ स्कॅन प्रती त्याच फोल्डरमध्ये ठेवाव्यात. पेनड्राइव्हवर एक जादा प्रत असावी, कारण मोबाइल हरवतो, फुटतो, कधी कधी गहाणही पडतो.

पालकांना दोन शब्द

"चित्र काढून पोट भरतं का?" हा प्रश्न प्रत्येक रविवारी येतो. प्रश्न खोटा नाही. कष्टकऱ्याच्या घरात एक वर्ष म्हणजे एका पगाराचा प्रश्न असतो. छपाई, कपडे, जाहिरात, अॅनिमेशन, शाळेतली कलाशिक्षकाची नोकरी असे चित्रातून पोटाकडे जाणारे रस्ते आहेत. पण प्रत्येकाला तो मिळेलच, असे खोटे आश्वासन आम्ही देत नाही. खासगी संस्थांचे शुल्क जबर असते. अर्ज करण्यापूर्वीच शिष्यवृत्ती आणि शुल्कमाफीची लेखी चौकशी करा.

त्या मुलीने पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज केला. यावेळी फोटो गच्चीच्या सावलीत निघाले. एका बाजूने वडिलांनी पांढरा पुठ्ठा धरला होता, म्हणजे उजेड सारखा पडावा. लिंक चार मोबाइलवर उघडून पाहिली. मुलाखतीचे बोलावणे आले. परीक्षकांनी नळावरच्या रांगेबद्दल तिला बराच वेळ विचारले. प्रवेश मिळाला. शुल्काची जुळवाजुळव अजून चालू आहे, ती सोपी नाही. तिच्याबरोबर अर्ज केलेल्या एका मुलाला मात्र नकार आला. पण त्याच्या नकारपत्रात काम पाहिल्याचे कळत होते. मानवी आकृतीचा सराव कमी पडतो, असे त्यांनी लिहिले होते. तो आता रोज संध्याकाळी एसटी स्टँडवर वही घेऊन बसतो.

तेव्हा या रविवारी एवढेच करा. कपाटावरची गुंडाळी खाली काढा, दोरा सोडा, कागद उन्हाआड सपाट मांडा आणि एकेकाचा फोटो घ्या. वस्तीत संगणक जाणणारे कॉलेजातले एखादे पोर असेल, तर त्याला तासभर सोबत बसवा. निकाल काय लागायचा तो लागो. आपल्या लेकरांचे काम समोरच्याच्या डोळ्यांपर्यंत पोचवणे तर आपल्या हातात आहे.